‘नाही’ म्हणण्याआधी

पहिल्या वर्षी कॉलेजचं ग्रंथालय म्हणजे माझ्या लेखी एक काउंटर होता. रांगेत उभं राहायचं, चिठ्ठीवर पाठ्यपुस्तकाचं नाव लिहून द्यायचं, मिळालं तर घ्यायचं, ‘बाहेर गेलंय’ असं उत्तर आलं तर मुकाट्याने परत फिरायचं. वर्षाच्या सुरुवातीला ग्रंथालयाची ओळख करून देणारा एक तास झाला होता. परीक्षेला त्यातलं काही येणार नाही म्हणून मी तो बुडवला. काउंटरच्या मागे दोन मजले भरून पुस्तकं होती आणि दुसऱ्या वर्षापासून आम्हाला आत जायची मुभा होती, हेसुद्धा मला दुसरं वर्ष निम्मं सरल्यावर कळलं.

कळलं ते एका प्रकल्पामुळे. विषय आपला आपण निवडायचा होता. मी देवीचा रोग निवडला, कारण माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. लहानपणी तिच्या गालांवरून बोट फिरवत मी ते मोजायची. तिच्या पिढीत असे चेहरे घरोघर दिसायचे आणि माझ्या पिढीत एकही नाही. एवढ्या मोठ्या बदलाबद्दल मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

ग्रंथालयातल्या संगणकावर मी ‘देवी’ हा शब्द टाकला. चाळीसएक नोंदी आल्या. स्तोत्रं, माहात्म्यं, शिल्पांवरची पुस्तकं, दोन कवितासंग्रह. रोगाचं नाव कुठेच नाही. शेवटपर्यंत खाली गेले आणि मनाशी ठरवून टाकलं की आपल्या ग्रंथालयात या विषयावर काही नाही.

तशीच निघून जाणार होते, पण ग्रंथपाल मॅडमचं टेबल दाराशीच होतं आणि त्या क्षणी त्यांच्यापुढे कुणी नव्हतं. मी विचारलं, “मॅडम, आरोग्यावरची पुस्तकं कुठे असतात?”

आज वाटतं, मला हवं होतं एक आणि मी विचारलं दुसरंच. पण बहुतेक जण असंच विचारतात, हे मला पुढे मॅडमनीच सांगितलं. माणसाला हवी असते एक नेमकी गोष्ट, आणि तो विचारतो तिच्याहून दहापट मोठी. आपला खरा प्रश्न समोरच्याला फार बारीक वाटेल, त्याचा वेळ जाईल, असा संकोच असतो. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “कशासाठी हवंय?” मला वाटलं, झाडाझडती सुरू झाली. प्रत्यक्षात ते त्यांच्या कामातलं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं हत्यार होतं. त्याला संदर्भ-मुलाखत म्हणतात, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

“प्रकल्प आहे. देवीच्या रोगावर.”

“त्यात काय शोधायचंय? लस कशी निघाली, रोग पसरायचा कसा, की तो गेला कसा?”

मी गप्प. हे तीन वेगळे प्रश्न आहेत, हेच मला त्या वेळी पहिल्यांदा कळत होतं. मॅडम थांबल्या. घाई केली नाही. मी आजीचं सांगितलं. मग म्हटलं, “बहुतेक, गेला कसा.”

त्यांनी माझ्याकडे वळवलेल्या पडद्यावर रोगाचं इंग्रजी नाव टाकलं. तीन पुस्तकं आली. त्यातल्या एकाच्या नोंदीत खाली विषयशीर्षक लिहिलं होतं. त्यावर टिचकी मारल्यावर आणखी दोन पुस्तकं आली, ज्यांच्या नावात रोगाचा उल्लेखही नव्हता. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या यादीत, शोधताना मी पुस्तकाचं नाव ओळखायचा प्रयत्न करत होते. पण कुणीतरी ही पुस्तकं आधीच उघडून, चाळून, ती कशाबद्दल आहेत ते ठरवून ठेवलं होतं. ते काम पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कुठेच दिसत नाही. पुस्तक विकत आणून कपाटात ठेवणं म्हणजे ग्रंथालय नव्हे, हे तिथे कळलं.

मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलं: ६१४.५२१.

मी आत गेले. मांडण्यांच्या टोकांना आकडे लावलेले होते. ६१४ सापडलं. ६१४.४, ६१४.५, मग ६१४.६. पाचशे एकवीस म्हणजे सहाच्या बरंच पुढे, म्हणून पुढे गेले, तर ६१५ लागलं. दोनदा पाहिलं. परत येऊन सांगितलं, “मॅडम, नाहीये.”

त्या उठल्या आणि माझ्याबरोबर आत आल्या. “बिंदूनंतरचा आकडा सलग वाचायचा नाही. एकेक अंक वाचायचा. पाच, मग दोन, मग एक. आता पाच आधी की सहा?” पाच आधी. त्यांनी पाचच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि पुस्तक बाहेर ओढलं. मी त्याच्या समोरून दोनदा गेले होते. पुस्तक पुढे सरकवत त्या म्हणाल्या, “नाही म्हणायच्या आधी नीट शोधावं लागतं.” रागावून नाही, सहज. ते वाक्य माझ्याजवळ राहिलं.

हे दशांशाचं वर्गीकरण मेल्विल ड्युई यांचं. ते जन्मलं अशाच एका ग्रंथालयात, अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या. तिथे शिकत असतानाच ड्युई ग्रंथालयात काम करू लागले होते. त्याआधी बऱ्याच ठिकाणी पुस्तकाला मांडणीवरची ठरलेली जागा असे. म्हणजे अमुक कपाट, अमुक फळी, अमुक क्रमांक. नव्या पुस्तकांनी फळी भरली की सगळी गणितं बिघडायची. ड्युईंनी आकडा जागेला न देता विषयाला दिला. मग दोन पुस्तकांच्या मध्ये कितीही नवी पुस्तकं येऊ देत, बिंदूपुढे अंक वाढवत नेले की प्रत्येकाला हक्काची जागा मिळते. १८७६ साली ही पद्धत छापून आली तेव्हा ती जेमतेम ४४ पानांची पुस्तिका होती.

तिचं ऋण मानूनही एक गोष्ट मला खुपते आणि ती बोलून दाखवायला हवी. साहित्याला ड्युईंनी ८०० दिलं. त्यात अमेरिकेला ८१०, इंग्रजीला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४०, असं करत लॅटिन आणि ग्रीकपर्यंत सगळ्यांना ऐसपैस खोल्या. उरलेल्या जगाला मिळून एकच, ८९०. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. आपल्या भाषेच्या कवितेपर्यंत पोचायला बिंदू ओलांडून तीन पायऱ्या उतराव्या लागतात. २००च्या धर्म वर्गातही तेच. ख्रिस्ती धर्माला मधला मोठा पट्टा आणि बाकी बहुतेकांची भरती २९०मध्ये. मॅडमना हे विचारलं, तेव्हा त्यांनी समर्थन केलं नाही. म्हणाल्या, “ज्याने घर बांधलं त्याने आपल्या माणसांना मोठ्या खोल्या दिल्या. आपण निदान पाटी नीट लावू.” आमच्या ग्रंथालयात ८९१.४६ ही मांडणी दारातून आत आल्या आल्या समोर दिसते. क्रमाने ती पार टोकाला जायला हवी. मॅडमनी ती मुद्दाम पुढे आणवली होती.

पुस्तक घेऊन काउंटरवर गेले. शेवटच्या पानाला तारखांची पट्टी चिकटवलेली होती. संगणक आला तरी काउंटरवर पुस्तकं देणारे-घेणारे काका त्यावर शिक्का मारतातच. त्यांचं म्हणणं असं, की वाचणाऱ्याला परतीची तारीख पुस्तकातच दिसली पाहिजे. पट्टीवर चार तारखा होत्या. शेवटची अकरा वर्षांपूर्वीची. काकांनी शिक्क्याची तारीख तपासली, शाईच्या गादीवर टेकवली आणि हलक्या हाताने पट्टीवर उमटवली. अकरा वर्षांनी पाचवी तारीख, थोडी तिरकी, जांभळी.

पुस्तक हातात घेऊन असं पाहायची सवय मला काकांनी लावली. मुखपृष्ठामागे आणि आत असतो तो दाखल क्रमांक, प्रत्येक प्रतीचा स्वतःचा. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती असल्या तरी दहा वेगळे दाखल क्रमांक. पाठीवर असतो तो बोधांक, म्हणजे विषयाचा आकडा आणि त्याखाली लेखकाच्या नावावरून आलेली अक्षरं. आणि एक गुप्त पान असतं. प्रत्येक ग्रंथालय एक पान ठरवून घेतं आणि आपल्या प्रत्येक पुस्तकाच्या त्याच पानावर शिक्का मारतं. पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते सांगता येतं. आमच्या ग्रंथालयाचं पान काकांनी मला दाखवलं. ते कोणतं, हे मी इथे लिहिणार नाही.

पुस्तक वाचत गेले तसा माझा प्रश्न बदलत गेला. १७९६च्या मे महिन्यात एडवर्ड जेन्नर यांनी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला गाईच्या देवीची लस टोचली, हे कुठेही मिळालं असतं. पुढचं मात्र मला नवीन होतं. रोग संपवायला शेवटच्या टप्प्यात सरसकट सगळ्यांना टोचत सुटणं पुरत नव्हतं. रोगी शोधून काढायचा आणि त्याच्या भोवतीच्या माणसांना टोचून रोगाची वाट अडवायची, हा मार्ग कामी आला. त्यासाठी कार्यकर्ते हातात एक चित्रकार्ड घेऊन दारोदार फिरले. कार्डावर देवी आलेल्या मुलाचा फोटो होता. असं कुणी पाहिलंत का, एवढंच विचारायचं. निसर्गतः झालेला शेवटचा रोगी १९७७ साली सोमालियातल्या मर्का गावी सापडला. तो एका रुग्णालयात स्वयंपाकी होता, आणि तो बरा झाला. पण रोग संपला ही घोषणा झाली ८ मे १९८० रोजी. मधली अडीच वर्षं कशासाठी?

शोधण्यासाठी. एखादी गोष्ट आहे हे सांगायला ती एकदा दिसली की पुरतं. नाही हे सांगायला सगळीकडे पाहावं लागतं. शेवटचा रोगी सापडल्यावर किमान दोन वर्षं कसून शोध घेऊनही नवा रोगी मिळाला नाही, तरच तो प्रदेश रोगमुक्त मानायचा, अशी शिस्त होती. मी मांडणीसमोर उभी राहून दोन मिनिटांत ‘नाहीये’ म्हणाले होते, ते मला आठवलं. माझ्या प्रकल्पाचं नाव त्या रात्री ठरलं: ‘रोग संपला, हे कळलं कसं?’

त्या पुस्तकाच्या शेवटी संदर्भसूची होती. आधी मी अशी पानं सरळ उलटायची. मॅडमनी ती वाचायला शिकवलं. लेखकाचं नाव, लेखाचं नाव, नियतकालिक, खंड, अंक, वर्ष, पानं. एवढं हाती असलं की तो लेख जगात कुठे पडलेला असो, मागवता येतो. मला हवा होता तो लेख एका जुन्या नियतकालिकात होता आणि तो खंड आमच्याकडे नव्हता. मी नाव खोडायला पेन्सिल उचलली. मॅडमनी एक छापील अर्ज पुढे केला: आंतरग्रंथालयीन देवघेव. ग्रंथालयं एकमेकांच्या याद्या एकत्र ठेवतात, कुठे काय आहे ते पाहतात आणि आपल्या वाचकासाठी दुसऱ्याकडून मागवतात. अर्जात माझ्या नावाखाली ‘वर्ग: द्वितीय वर्ष’ असं होतं. माझ्यासारखीसाठी कुणी एवढा खटाटोप करील, यावर विश्वास बसेना.

अठराव्या दिवशी पाकीट आलं. आत लेखाची नऊ पानांची छायाप्रत. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मला अनोळखी असलेल्या एका ग्रंथालयाचा शिक्का. तिथे कुणीतरी शिडीवर चढून बांधीव खंड खाली काढला होता, पान शोधलं होतं, यंत्रावर उलटं ठेवलं होतं. सातव्या पानाच्या कडेला त्या माणसाच्या अंगठ्याची सावली उमटलेली होती. अजून ती प्रत मी जपून ठेवली आहे.

आता अशा प्रती बहुधा मेलनेच येतात. घरून लॉगिन करून नियतकालिकं वाचता येतात. संदर्भ कसे द्यायचे हे ग्रंथालयातले लोक शिकवतात, डोळ्यांनी अधू असलेल्यांसाठी पडदा वाचून दाखवणारी यंत्रणा असते. ही सगळी यादी आमच्या ग्रंथालयाच्या दारावर लावलेली आहे. यादी वाचून मला कधीच काही उमगलं नसतं. एखाद्या गोष्टीची आपल्याला गरज पडते आणि तेव्हाच कुणीतरी ती पुढे करतं, तेव्हा सेवा हा शब्द कळतो.

एका बाबतीत मात्र यंत्राने मराठी वाचकाची वाट अजून सोपी केलेली नाही, आणि यावर जितकं बोलावं तितकं थोडं. अनेक ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या जुन्या नोंदी रोमन लिपीत केलेल्या आहेत. देवनागरीत शोधलं तर पुस्तक सापडत नाही. रोमनमध्ये शोधावं, तर ‘विज्ञान’ कसं लिहायचं? ‘ज्ञ’साठी एकाने एक जोडी वापरलेली, दुसऱ्याने दुसरी, तिसऱ्याने उच्चाराप्रमाणे ‘ग्य’. शेवटचा ‘अ’ कुणी लिहितं, कुणी गाळतं. म्हणजे पुस्तक फळीवर आहे, नोंदही आहे, पण वाचकाला उत्तर मिळतं ‘नाही’. बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकांच्या नोंदी ठेवायला कोहा नावाची संगणक-प्रणाली असते. ती न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झाली, २००० साली वापरात आली आणि कुणालाही फुकट वापरता यावी म्हणून खुली ठेवली गेली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिच्यात देवनागरी उत्तम चालते. अडचण यंत्राची नाही, एकेक जुनी नोंद उघडून आपल्या लिपीत लिहायला बसणाऱ्या माणसाची आहे. शेवटच्या वर्षी मी दर शनिवारी दोन तास ते काम केलं. एका बैठकीत वीस-बावीस नोंदी व्हायच्या. पुस्तक हातात घ्यायचं, आतलं पान पाहायचं, नाव आणि लेखक देवनागरीत टाकायचे, पुढचं घ्यायचं. ‘नाही’चं ‘आहे’ होताना पाहायला मिळायचं.

त्या शनिवारांत मॅडम रंगनाथनांबद्दल सांगायच्या. शि. रा. रंगनाथन मुळात गणित शिकवणारे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा तिथल्या एकांताला इतके कंटाळले, की पुन्हा वर्गावर जाऊ पाहत होते. मग इंग्लंडमध्ये जाऊन त्यांनी ग्रंथालयं पाहिली आणि आयुष्यभर याच कामात राहिले. १९३१ साली त्यांनी मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मॅडमना तोंडपाठ होती. त्यातलं पहिलं अगदी साधं: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. हे वेगळं सांगायची काय गरज, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी साखळदंडांच्या ग्रंथालयांबद्दल सांगितलं. मध्ययुगात युरोपात पुस्तकं फळीला साखळीने बांधलेली असत. साखळी वेष्टनाच्या पुढच्या कडेला असल्यामुळे पुस्तकाची पाठ आत आणि पानांची कड बाहेर. वाचणाऱ्याने पुस्तकापाशी यायचं आणि साखळी पोचेल तिथवरच वाचायचं. साखळ्या गेल्या, मग कुलूपबंद कपाटं आली, मग काउंटर. मी पहिलं वर्ष ज्याच्यासमोर उभी राहून घालवलं तो.

तिसरं सूत्र, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे मात्र मला मॅडमकडून नाही, काकांकडून कळलं. उन्हाळ्यात एका सकाळी ते मांडण्यांमधून ढकलगाडी घेऊन फिरत होते. एकेका पुस्तकाचं शेवटचं पान उघडायचे, तारखांची पट्टी पाहायचे, काही पुस्तकं गाडीत घालायचे. जागा संपत आली की ग्रंथालयाला जुनी पुस्तकं काढावी लागतात. कसर लागलेली, पानं गळालेली आधी जातात. त्यानंतर पाहिलं जातं, कोणतं पुस्तक किती वर्षांत कुणी नेलेलं नाही. ६१४च्या ओळीत माझं पुस्तक जागेवर होतं. त्याच्या शेजारचं गाडीत होतं. त्याच्या पट्टीवर एकही शिक्का नव्हता.

“तुझं राहिलं,” काका म्हणाले. “शिक्का आहे ना.”

मी विचारलं, इथेच बसून कुणी वाचलं असेल तर? त्यांनी वाचनकक्षाकडे बोट दाखवलं. तिथे प्रत्येक टेबलावर पाटी आहे: ‘वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच ठेवावं.’ मला वाटायचं, मुलं पुस्तकं चुकीच्या जागी खुपसतात म्हणून ती पाटी आहे. तेही खरंच, कारण चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच. पण संध्याकाळी काका टेबलांवरची पुस्तकं उचलतात तेव्हा प्रत्येकाची नोंद करून मगच फळीवर नेतात. ती नोंदही वाचनात धरली जाते.

कॉलेजच्या शेवटच्या दिवशी माझ्या नावावर एकही पुस्तक उरलं नाही. काकांनी ना-देय दाखल्यावर सही केली. आता मला पुस्तक घरी नेता येणार नव्हतं. ट्रेनला वेळ होता. मी आत गेले आणि ८९१.४६१च्या ओळीत शिक्का नसलेली पुस्तकं शोधत राहिले. पाच मिळाली. पाचही कवितासंग्रह, बारीक, काहींची पानं एकमेकांना चिकटलेली. खिडकीजवळच्या टेबलावर बसून प्रत्येकातली चार-पाच पानं वाचली. मग पाचही तिथेच टेबलावर ठेवली आणि निघाले.